टोचलेले बोट



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी खाली सतरंजीवर बसून ऐकावे, अशी रीत आहे. ती रीत मोडून चिटणिसांनी यंदा इतिहासाच्या व्याख्यानासाठी आमचे नाव घातले. आम्ही शाळा आठवीत सोडली. पुढे जे शिकलो ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीत. गेली तीसएक वर्षे आम्ही इस्पितळांतल्या खालच्या श्रेणीच्या कामगारांत काम करीत आहो. वॉर्डातल्या मावश्या, मामा, सफाई कामगार, ड्रेसर, धुलाईखान्यातली मंडळी ही आमची माणसे. म्हणून चिटणिसांस आम्ही विचारले, "कोणत्या राजाचा इतिहास सांगू?" ते म्हणाले, "तुम्हांला ठाऊक असेल त्याचा सांगा." आम्हांला ठाऊक आहे तो राजाचा इतिहास नव्हे. तो एका बोटाचा इतिहास आहे. इस्पितळात काम करताना ज्या बोटाला सुई, सुरी किंवा फुटकी काच टोचते, त्या बोटाचा.

हा विषय आमच्या डोक्यात कसा शिरला ते आधी सांगतो. सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एका इस्पितळात आमच्या संघटनेची एक सभासद मावशी वॉर्डातल्या चादरी गोळा करीत होती. कोणीतरी इंजेक्शन देऊन सुई तशीच खाटेवर टाकली होती. ती चादरीच्या घडीत गेली, आणि चादरीचे बोचके बांधताना मावशीच्या बोटात घुसली. तिने बोट नळाखाली धरले, पदराला पुसले आणि पुढची खाट आवरायला घेतली. संध्याकाळी ती कचेरीत आली तेव्हा आम्ही काय केले? आम्ही कागद घेतला आणि 'जोखीम भत्ता' वाढवून मिळावा म्हणून अर्ज लिहिला. त्यात तिची हकीकत उदाहरणादाखल घातली आणि मोठे काम केल्याच्या समाधानात घरी गेलो. सुई कोणाला टोचलेली होती, त्याचे रक्त तपासले का, बाईला लस दिली होती का, ह्यांतले काहीही आम्ही विचारले नाही, कारण हे विचारायचे असते हेच आम्हांला ठाऊक नव्हते. तिसऱ्या महिन्यात मावशीला कावीळ झाली. रक्तात हिपॅटायटिस 'ब' निघाला. ती कंत्राटी कामगार होती. दोन महिने अंथरुणात पडली तेव्हा मुकादमाने हजेरीपटावरून तिचे नाव काढले. सुई टोचल्याची नोंद कोठेच नव्हती, तेव्हा दावा कशाच्या जोरावर सांगणार? आमचा अर्ज मात्र फायलीत सुरक्षित होता.

त्या दिवसापासून आम्ही ह्या विषयाचे मिळेल ते वाचू लागलो. वाचता वाचता ध्यानात आले, की इस्पितळात रोग कसा पसरतो आणि तो कसा आवरावा ह्या शास्त्राचा उगमच मुळी एका टोचलेल्या बोटातून झालेला आहे.

ही गोष्ट ऑस्ट्रियाच्या राजधानीची, व्हिएन्ना शहराची. तेथल्या मोठ्या सार्वजनिक इस्पितळात प्रसूतीचे दोन विभाग होते. १८४० पासून अशी व्यवस्था झाली, की पहिल्या विभागात वैद्यकाचे विद्यार्थी शिकावेत आणि दुसऱ्यात सुइणी शिकाव्यात. बायका दाखल करून घेण्याची पाळी एक दिवस ह्या विभागाची, तर दुसऱ्या दिवशी त्या विभागाची. इमारत एकाच आवारातली, अन्न तेच, हवा तीच. तरीही १८४६ साली पहिल्या विभागात ४,०१० बाळंतपणांत ४५९ बायका दगावल्या, म्हणजे शेकडा अकरांहून अधिक. दुसऱ्या विभागात ३,७५४ बाळंतपणांत १०५ दगावल्या, म्हणजे शेकडा तीनांहून कमी. मारणारा रोग एकच, सूतिकाज्वर. बाळंतपणानंतर दोन-तीन दिवसांत हुडहुडी भरून ताप यायचा, पोट फुगायचे आणि आठवड्याच्या आत बाई जायची.

हा फरक आधी कोणाच्या ध्यानात आला असेल? शहरातल्या गोरगरीब बायकांच्या! पहिल्या विभागाची पाळी असलेल्या दिवशी आपल्याला दाखल करू नका म्हणून त्या हातापाया पडत. कित्येकजणी वाटेत रस्त्यावरच बाळंत होऊन मग मूल घेऊन इस्पितळात येत. नवल असे, की रस्त्यावर बाळंत झालेल्या ह्या बायका पहिल्या विभागातल्या बायकांपेक्षा जास्त वाचत. ज्यांच्या जिवावर बेतलेले होते त्यांना खरे काय ते कळले होते. विद्वान मात्र हवेतल्या विषारी वाफा, गर्दी, बायकांच्या मनातली भीती अशी कारणे सांगत होते. चौकशी-समित्याही बसल्या. एका समितीने ठरविले, की परदेशी विद्यार्थी बायकांना धसमुसळेपणाने तपासतात म्हणून असे होते. म्हणून विद्यार्थ्यांची संख्या घटविली. थोडे दिवस आकडा उतरला आणि पुन्हा चढला.

त्या विभागात १८४६ पासून इग्नाझ सेमेलवाइस नावाचा हंगेरीचा एक तरुण डॉक्टर साहाय्यक होता. त्याने एकेक कारण घेऊन पडताळून पाहिले. गर्दी म्हणावी तर दुसऱ्याच विभागात जास्त. हवा म्हणावी तर दोन्हींकडे सारखी. मरणाऱ्या बाईसाठी पाद्री घंटा वाजवीत वॉर्डातून जात असे, त्या घंटेने बायका भेदरतात असे कोणी म्हणाले. त्याने पाद्रीबुवांची वाट बदलविली, घंटा बंद करविली. काही फरक पडला नाही. बाळंतपणाच्या वेळी बाईला कोणत्या कुशीवर निजवावे तेही बदलून पाहिले. तरीही फरक नाही. हे पडताळून पाहणे आम्हांला फार मोलाचे वाटते. 'असे म्हणतात' ह्या आधारावर न थांबता त्याने एकेक गोष्ट काढून पाहिली.

मार्च १८४७ मध्ये त्याचा स्नेही प्राध्यापक कोलेच्का हा शवविच्छेदन करीत असता एका विद्यार्थ्याच्या सुरीचे टोक त्याच्या बोटाला लागले. जखम म्हणाल तर क्षुल्लक. पण थोड्याच दिवसांत कोलेच्का तापाने गेला. सेमेलवाइस त्या वेळी व्हेनिसला गेलेला होता. परत आल्यावर त्याने स्नेह्याच्या शवपरीक्षेचा वृत्तांत वाचला आणि तो थक्क झाला. बाळंतिणींच्या शरीरात जे दिसत असे तेच कोलेच्काच्या शरीरात दिसले होते! म्हणजे रोग एकच. सुरीने जे प्रेतातून कोलेच्काच्या रक्तात नेले, तेच विद्यार्थ्यांच्या हातांनी बाळंतिणींच्या शरीरात जात होते. कारण विद्यार्थी आणि डॉक्टर सकाळी प्रेते फाडीत, हात वरवर साबणाने धूत आणि तसेच बायका तपासायला येत. सुइणी शवविच्छेदन करीत नसत. त्यांचा विभाग वाचला तो त्या अधिक शहाण्या होत्या म्हणून नव्हे, तर त्यांना त्या खोलीत कोणी येऊ देत नव्हते म्हणून.

कामगारांच्या भाषेत सांगायचे तर कोलेच्काचे मरण म्हणजे कामावरचा अपघात होय. काम करणाऱ्याच्या बोटाची जखम आणि रोग्याचा ताप ही एकच गोष्ट आहे, हे त्या अपघाताने सेमेलवाइसला दाखवून दिले. आमच्या सगळ्या भाषणाचे सार एवढेच आहे.

मे १८४७ च्या मध्यावर त्याने नियम घातला, की क्लोरिनच्या पाण्याने हात धुतल्याखेरीज कोणीही बाळंतिणीला हात लावावयाचा नाही. पुढे त्यासाठी क्लोरिनयुक्त चुना, म्हणजे आपण ज्याला ब्लीचिंग पावडर म्हणतो ती, वापरू लागले. एप्रिलमध्ये पहिल्या विभागात शेकडा अठरा बायका मेल्या होत्या. जूनमध्ये शेकडा दोनच मेल्या. सबंध १८४८ सालात ३,५५६ बाळंतपणांत ४५ मृत्यू झाले. त्या साली दोन महिने असे गेले, की पहिल्या विभागात सूतिकाज्वराने एकही बाई मेली नाही. मध्यंतरी, ऑक्टोबर १८४७ मध्ये, आणखी एक धडा मिळाला. गर्भाशयाचा कर्करोग होऊन घाण पाणी वाहणारी एक बाई पहिल्या खाटेवर होती. तिला तपासून डॉक्टर पुढच्या बायका तपासीत गेले आणि त्या बारा बायकांपैकी अकरा दगावल्या. विष केवळ प्रेतातूनच येते असे नव्हे, जित्या माणसाच्या जखमेतूनही येते. म्हणून एका रोग्याकडून दुसऱ्याकडे जाताना प्रत्येक वेळी हात धुतले पाहिजेत. सूक्ष्म जंतूंचे शास्त्र पाश्चरने अजून मांडलेले नव्हते. लिस्टरचे कार्बोलिक ॲसिड वीस वर्षे दूर होते.

इतका स्वच्छ हिशेब समोर असताना लोकांनी तो मानला का? कळते पण वळत नाही अशी आपल्यात म्हण आहे. येथे तर कळूनच घ्यावयाचे नव्हते. आपल्याच हातांनी इतक्या बायका मेल्या हे प्रतिष्ठित डॉक्टरांना कबूल करवेना. सेमेलवाइसचाही दोष होता. त्याने आपला ग्रंथ प्रसिद्ध केला तो थेट १८६१ साली, आणि मग विरोधकांना उघड पत्रांतून खुनी म्हटले. १८४९ साली त्याची नेमणूक पुढे चालविली गेली नाही, आणि १८५० साली तो व्हिएन्ना सोडून मायदेशी गेला. १८६५ साली त्याला वेड्यांच्या इस्पितळात नेऊन ठेविले. तेथे त्याला मारहाण झाली, आणि अवघ्या दोन आठवड्यांत तो रक्तदोषाने मेला. शवपरीक्षेत दिसले, की त्याच्या बोटाला जखम होऊन ती चिघळली होती. बोटापासून सुरू झालेली ही कथा बोटापाशीच संपली.

आता रबरी हातमोज्याची हकीकत ऐका. आज शस्त्रक्रिया म्हटली की हातमोजे आलेच. ते रोग्यासाठी निघाले असा आपला समज असतो. खरी गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स इस्पितळ १८८९ साली उघडले. तेथील शल्यविशारद हॉलस्टेड ह्यांच्या शस्त्रक्रियागृहात कॅरोलाइन हॅम्प्टन नावाची मुख्य परिचारिका होती. जंतुनाशक म्हणून पाऱ्याच्या क्षाराचे तीव्र पाणी वापरीत. त्याने तिच्या हातांची कातडी सोलवटली, आणि ती काम सोडण्याच्या बेताला आली. तेव्हा हॉलस्टेड ह्यांनी गुडइयर रबर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ रबरी हातमोजे करवून घेतले. पुढे त्या दोघांचे लग्न झाले, पण तो वेगळा अध्याय. आपल्या विषयाचा मुद्दा असा, की हातमोजा काम करणाऱ्या बाईचे हात वाचविण्यासाठी जन्मला, आणि त्यानेच पुढे रोग्याच्या जखमा पिकण्याचे थांबविले. शस्त्रक्रिया करणारे सगळेचजण हातमोजे घालू लागले तेव्हा पू होण्याचे प्रमाण झपाट्याने उतरले, हे हॉलस्टेड ह्यांचेच शिष्य ब्लडगुड ह्यांनी १८९९ साली हर्नियाच्या शस्त्रक्रियांचा हिशेब मांडून दाखविले. सेविकेची सोय पाहिली आणि रोग्याचा प्राण वाचला!

ही सुधारणा तिकडे होत होती त्याच दशकात आपल्या मुलखावर प्लेग कोसळला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. व्हिएगास ह्यांनी तो ओळखला. रोग्यांना बळजबरीने इस्पितळात नेण्याचा हुकूम निघाला. लोकांना इस्पितळाची इतकी दहशत वाटली, की २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. ते अडाणी होते म्हणून असे झाले एवढे म्हणून हा विषय मिटत नाही. व्हिएन्नाच्या बायकांचे आपण आत्ताच ऐकले. इस्पितळात गेलेले माणूस परत येत नाही, ही समजूत त्या काळी अगदीच निराधार नव्हती.

पालिकेने पुढे हुकूम सैल केला. त्याचे एक कारण मोठे बोलके आहे. शहराचा मैला वाहणारे हलालखोर आणि कचरा उचलणारे बिगारी घाबरून गाव सोडून जातील, आणि ते गेले तर मुंबईत राहणे अशक्य होईल, ही भीती म्युनिसिपल कमिशनर स्नो ह्यांच्या अहवालात नमूद आहे. म्हणजे अख्ख्या शहराचा जीव कोणाच्या हातांत आहे हे त्या वेळच्या सरकारलाही कळले होते. पण कळले ते ही माणसे निघून जातील ह्या धास्तीने.

इकडे पुण्यात सावित्रीबाई फुले ह्यांनी काय केले हे आपण सर्वजण जाणता. त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंतराव ह्यांनी गावाबाहेर, हडपसरच्या बाजूस ससाणे ह्यांच्या माळावर दवाखाना उघडला. सावित्रीबाई स्वतः रोगी आणून तेथे पोहोचवीत. मुंढव्याच्या गायकवाडांच्या प्लेग झालेल्या मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणले. त्यातच त्यांना प्लेग झाला, आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. हा रोग उंदरांवरच्या पिसवांच्या द्वारे फैलावतो हे फ्रेंच डॉक्टर सीमाँ ह्यांनी कराचीत प्रयोग करून दाखविले ते १८९८ साली. हाफकिन ह्यांनी मुंबईत आपली लस स्वतःला टोचून घेतली ती जानेवारी १८९७ मध्ये. ती अद्याप सर्वत्र पोहोचलेली नव्हती. सावित्रीबाई गेल्या तेव्हा ज्ञानच अपुरे होते. त्यांच्या स्मृतीपुढे आम्ही मस्तक नमवितो. पण एक गोष्ट नम्रपणे सांगतो. ज्ञान नसताना एखाद्याने प्राण देणे हे हौतात्म्य होय. ज्ञान असून, लस असून, हातमोजे असून, ते दिले नाहीत म्हणून एखाद्याचा प्राण गेला, तर त्याला हौतात्म्य म्हणून हार घालणे ही फसवणूक होय. २२ मार्च २०२० रोजी संध्याकाळी आपण सर्वांनी गच्चीत उभे राहून थाळ्या वाजविल्या. आम्हीही वाजविली. आमच्या शेजारी राहणारी एक सफाई कामगार बाई तेव्हा म्हणाली, "दादा, थाळी ठीक आहे, पण उद्या मास्क मिळेल का?"

आता सुईकडे वळू. वापरून टाकून देण्याच्या सुया आल्या आणि रोग्याची मोठी सोय झाली. पण टाकून द्यावयाची म्हणजे कोठे टाकावयाची, हा प्रश्न उरला तो झाडणाऱ्याच्या वाट्याला. रोग्याच्या रक्ताने भरलेली सुई टोचली, आणि टोचून घेणाऱ्याला लस दिलेली नसली, तर हिपॅटायटिस 'ब' होण्याचा संभव शेकडा सहापासून तीसपर्यंत असतो. हिपॅटायटिस 'क' चा शेकडा दोनांच्या आत-बाहेर, आणि एच.आय.व्ही.चा सुमारे तीनशेत एक. १९८४ साली सुई टोचून एका परिचारिकेला एच.आय.व्ही.ची बाधा झाल्याचे प्रथम प्रसिद्ध झाले, आणि मग जगाची झोप उडाली. काविळीने कामगार मरत होते तोवर ती उडाली नव्हती. १९८७ साली अमेरिकेत तत्त्व ठरले, की कोणाचे रक्त दूषित आहे ते दिसत नाही, तेव्हा प्रत्येकाचे रक्त दूषित समजूनच वागावे. पण तत्त्व कागदावर राहते. तेथील कामगार संघटनांनी १९८६ पासून सरकारकडे धरणे धरले, तेव्हा १९९१ साली सक्तीचा नियम झाला, की मालकाने प्रत्येक सेवकाला हिपॅटायटिसची लस फुकट दिली पाहिजे. १९८३ साली तेथे दरवर्षी दहा हजारांहून अधिक आरोग्यसेवकांना हा रोग जडे. १९९५ साली हा आकडा चारशेच्या आसपास आला. पुढे २००० साली सुईसंबंधी खास कायदा झाला. त्यात असे कलम आहे, की कोणती सुई, कोणते साधन घ्यावे हे ठरविताना ती प्रत्यक्ष हाताळणाऱ्या सेवकांचे मत मालकाने घेतलेच पाहिजे. टोचलेल्या प्रत्येक सुईची नोंदवही ठेवलीच पाहिजे. खरेदीखात्यात बसणाऱ्याला सुईचा भाव कळतो. सुई कोठे, कशी टोचते हे ती धरणाऱ्यालाच कळते.

येथे कोणी म्हणेल, कामगार स्वतःच निष्काळजी असतात, हात धुवा म्हटले तरी धूत नाहीत. हा आक्षेप आम्ही टाळीत नाही. आमच्यातही आळशी आहेत. पण स्वित्झर्लंडमध्ये जिनीव्हाच्या इस्पितळात डॉ. पिते ह्यांनी ह्याचा शोध घेतला, तो ऐकण्याजोगा आहे. त्यांना दिसले, की जेथे कामाचा ताण अधिक तेथे हात धुणे कमी. अतिदक्षता विभागात परिचारिकेला तासाभरात वीसएक वेळा हात धुण्याचा प्रसंग येतो. प्रत्येक वेळी नळापर्यंत जाऊन, साबण लावून, पुसून परत यावयाचे तर तिने रोगी पाहावा केव्हा? त्यांनी दटावणीच्या पाट्या वाढविल्या नाहीत. हातावर चोळावयाचे मद्यार्काचे द्रावण प्रत्येक खाटेपाशी ठेवले, आणि सेवकांना विश्वासात घेतले. १९९४ ते १९९७ ह्या काळात हात स्वच्छ करण्याचे प्रमाण शेकडा ४८ वरून ६६ वर गेले, आणि इस्पितळात जडणारा संसर्ग शेकडा १६.९ वरून ९.९ वर आला. दोष माणसाच्या स्वभावात शोधण्याआधी कामाच्या रचनेत शोधावा, असा हा धडा आहे.

दुसरा धडा कॅनडातल्या टोरोंटोचा. २००३ साली तेथे सार्स हा नवा श्वसनरोग शिरला. ऑन्टेरिओ प्रांतात सुमारे ३७५ माणसे आजारी पडली, ४४ मेली. त्यांतल्या बहुसंख्यांना हा रोग इस्पितळांतच जडलेला होता. दोन परिचारिका आणि एक डॉक्टर मृत्यू पावले. कित्येक परिचारिकांना एके ठिकाणी पूर्णवेळ काम न मिळाल्यामुळे त्या दोन-तीन इस्पितळांत पाळ्या करीत. अशा पाळ्यांबरोबर रोगही एका दारातून दुसऱ्या दारात जाऊ शकतो, हे तेव्हा सर्वांच्या ध्यानात आले. मे महिन्यात साथ संपली असे जाहीर झाले आणि बंधने सैल केली. त्याच सुमारास एका इस्पितळातल्या परिचारिका सांगत होत्या, की आमच्या वॉर्डात तसेच रोगी पुन्हा दिसत आहेत. वरिष्ठांनी त्यांची समजूत घालून त्यांना परत पाठविले. थोड्याच दिवसांत दुसरी लाट उघड झाली. पुढे न्यायमूर्ती कॅम्बेल ह्यांच्या आयोगाने निष्कर्ष काढला, की शास्त्राची पक्की खात्री होईपर्यंत सेवकांचे संरक्षण थांबवून ठेवता येत नाही. शंका आली की आधी संरक्षण द्यावे, खात्री मागाहून करावी.

आपल्याकडे कायदे नाहीत असे मुळीच नाही. इस्पितळातल्या कचऱ्याचे नियम १९९८ साली झाले, २०१६ साली नवे झाले. पिवळ्या पिशवीत रक्ताने भिजलेला कापूस आणि पट्ट्या, लाल पिशवीत नळ्या आणि हातमोजे, निळ्या खुणेच्या खोक्यात काच, आणि सुया-पाती मात्र टोचणार नाही अशा पांढऱ्या डब्यातच टाकावयाच्या. हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस 'ब' आणि धनुर्वाताची लस द्यावयाची, वर्षातून एकदा त्याची तपासणी करावयाची, अपघाताची नोंद करावयाची, हे सारे त्यांत लिहिलेले आहे. लस महाग म्हणावी तर १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने ती देशात तयार करून तिचा भाव पुष्कळच खाली आणला. सुई टोचल्यावर एच.आय.व्ही. टळावा म्हणून द्यावयाच्या गोळ्याही आहेत. त्या शक्य तो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात. पण हे ७२ तास कंत्राटी कामगाराला कोण मोजून देणार? इस्पितळ म्हणते, ती कंत्राटदाराची माणसे. कंत्राटदार म्हणतो, सुई इस्पितळाची. तीन डोस पूर्ण व्हावयाला सहा महिने लागतात, आणि कंत्राटच सहा महिन्यांचे असते!

आम्ही दुसऱ्यांना नावे ठेवीत आहो असे वाटू नये, म्हणून आमचाच दोष पुन्हा सांगतो. आम्ही संघटनेवाले वर्षानुवर्षे जोखीम भत्ता मागत आलो. भत्ता मिळाला की विजयी सभा घेत आलो. जोखमीची किंमत वाढवून घेतली, जोखीम मात्र होती तेथेच ठेविली. त्या मावशीच्या बोटाने आम्हांला हे शिकविले, आणि त्याची फी तिने भरली. त्यानंतर आमच्या मागण्यांच्या यादीचा क्रम आम्ही बदलला. पहिली मागणी, प्रत्येक खाटेच्या हाताशी पांढरा डबा. दुसरी, कायम असो की कंत्राटी, प्रत्येकाला लसीचे तिन्ही डोस. तिसरी, सुई टोचल्याची नोंदवही, आणि नोंद करणाऱ्यावर कसलाही ठपका न ठेवण्याची लेखी हमी. भत्ता चौथा. हा क्रम सभेत मांडला तेव्हा आमच्याच लोकांनी आरडाओरडा केला. भत्त्याचे पैसे हातात दिसतात, न झालेला रोग दिसत नाही. त्यांना पटवायला आम्हांला दोन वर्षे लागली. ज्या इस्पितळांत ही नोंदवही सुरू झाली तेथे पहिल्या वर्षी नोंदी एकदम वाढल्या. अधिकारी रागावले, की तुमच्यामुळे अपघात वाढले. अपघात वाढले नव्हते. लपणे थांबले होते.

श्रोतेहो, हा विषय आमच्या युनियनपुरता आहे असे समजून आपण घरी जाऊ नये. आपल्यापैकी प्रत्येकाला केव्हा ना केव्हा आप्ताच्या खाटेशेजारी बसावे लागणार आहे. त्या वेळी खाटेपाशी हात चोळण्याचे द्रावण आहे का ते पाहा. पांढरा डबा आहे का, आणि तो काठोकाठ भरून सुया वर डोकावत तर नाहीत ना, तेही पाहा. आणि चादर बदलायला आलेल्या मावशीला विचारा, "मावशी, तुम्हांला काविळीची लस दिली का?" ती बहुधा चकित होईल, कारण तिला हे कोणी विचारलेले नसते. पण तिचे उत्तर काय येते त्यावर तुमच्या रोग्याचीही सुरक्षा अवलंबून आहे. व्हिएन्नाच्या त्या वॉर्डात पावणेदोनशे वर्षांपूर्वी हेच सिद्ध झाले, की हात काम करणाऱ्याचा असतो आणि ताप रोग्याला येतो. एकाला वाऱ्यावर सोडून दुसऱ्याला वाचविता येत नाही.

ती मावशी पुढे बरी झाली. इस्पितळात मात्र तिला पुन्हा घेतले नाही. ती आता भाजी विकते. मंडईत भेटली की आम्हांला वजनापेक्षा मूठभर भाजी जास्त घालते आणि पैसे घ्यायला कांकूं करते. तिने आमच्यावर कधी ठपका ठेविला नाही. म्हणून तो आम्हीच आज आपल्यासमोर ठेवून घेतला.